मंगळवारपर्यंत

पत्र आलं सेनेगलहून, सेंट लुईच्या कुणा एन्देय कुम्बाचं.
आधी नमस्कार, मग माफी, मग अठरा ओळी,
आणि तळाशी:
"तुमच्या दारातून मी आत येऊन गेले.
काही हलवलेलं नाही."

विल्यांदीचं तळं गोठलेलं.
किटलीतलं पाणी आटत आलं तरी मी उठले नाही.

फाईल उघडली. ओळ दोनशे चौदा.
'पेक्षा लहान' म्हणायचं तिथे
'लहान किंवा तेवढंच' म्हटलेलं.
कुंपणाचे खांब मोजताना पोरं चुकतात, तसली चूक.
त्या एका जादा फटीतून हात घातला
की आतली कडी निघते.
कुणी लिहिलं हे, म्हणून मागे मागे गेले:
एकोणीस वर्षांपूर्वीचा मार्च,
पहाटेचे तीन वाजून सात मिनिटं,
नाव माझंच.

त्या रात्री काउरचा ताप चाळीसला टेकला होता.
एका हाताने कपाळावरची ओली घडी बदलत होते,
दुसऱ्याने टंकत.
हे कुठल्या टिपणात नाही.
टिपणात आहे: "किरकोळ सफाई."

ठिगळ बसवायला अकरा मिनिटं लागली.
एक चिन्ह खोडलं, बस.
पण लावल्याचं सांगायचं मंगळवारी,
सगळ्यांनी मिळून, एकाच घटकेला;
आधी दिसलं तर ठिगळच बोट दाखवतं
भोक कुठे होतं ते.
तोवर तोंडाला कुलूप.

सात दिवस
गावात मला नुसती उघडी दारं दिसत होती.
ग्रंथालयातलं यंत्र. बसथांब्यावरचा फलक.
इस्पितळात रात्रपाळीला माझी बहीण हेल्वे,
तिच्या टेबलावरचा पडदा,
आणि त्यात सतरा पलंगांच्या नाड्या.
सूप वाढताना ती म्हणाली, "काय गं, कुणी गेलं का?"
"नाही. मीठ दे."

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, म्हणतात.
माझं उलटं:
ठिगळ शिवून, घडी घालून कपाटात,
आणि आभाळाला सांगायची बंदी.

कुरितिबाचा ज्युरांदिर रात्रभर
तेच ठिगळ जुन्या आवृत्त्यांना बेतून बघायचा.
नव्या कापडाचं जुन्याला धड बसत नाही,
ताण कुठे पडेल सांगता येत नाही.
बारा वर्षांची ओळख, चेहरा पाहिलेला नाही;
त्याचा कोंबडा मात्र मला ओळखू येतो.
पगार दोघांनाही नाही. कोंबड्याचं माहीत नाही.

एन्देयला विचारलं शेवटी:
विकता आलं असतं तुला. घर होईल इतके देतात लोक.
तिचं उत्तर आलं, विरामचिन्हांशिवाय:
माझ्या शाळेतली आठही यंत्रं यावरच चालतात
स्वतःचं दार विकू का मी

मंगळवार. दुपारचे तीन.
कळ दाबली.
सूचना गेली, कोरडी, चार ओळींची:
मर्यादा तपासण्यात चूक. तीव्रता गंभीर. त्वरित अद्ययावत करा.
श्रेयात एन्देय.
दोषात कुणीच नाही, रीतच आहे तशी.
ती मोकळी जागा मी दोनदा वाचली.

काउरला फोन केला. बंदरावर वेल्डिंग करतो,
मागे ठिणग्यांचा आवाज.
"तुझा ताप सापडला," म्हणाले.
त्याला काही कळलं नाही.
"जेवलीस का?" एवढंच विचारलं त्याने.

रात्री हेल्वेकडे गेले.
पडद्याच्या कोपऱ्यात चौकट:
नवी सुधारणा तयार आहे. आत्ता की नंतर?
तिचं बोट 'नंतर'वर.
"सतरा पलंग आहेत गं. आत्ता कुठे."

मी खुर्ची ओढली.
"थांबते मी," म्हणाले.
तिने थर्मासमधला चहा
झाकणात आणि कपात, दोघींना ओतला.